चांदी, गंधक आणि लष्करातला एक हौद

वाड्यातल्या सात जणांना दहा दिवसांत जुलाब झाले, आणि त्या दहाही दिवसांत पाण्याच्या हौदात चांदी होती. तीही नॅनो चांदी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची : साडेआठ हजार रुपयांची, दोन जाळीदार पिशव्यांत भरलेल्या पांढुरक्या गोळ्यांवर चढवलेली. ज्याने ती विकली त्याने पाणी तपासूनही दाखवलं होतं, सोन्याच्या नॅनोकणांच्या पट्टीने. म्हणजे सोनं म्हणालं पाणी चांगलं आहे, चांदी म्हणाली मी आहे ना, आणि तरी पहिल्या मजल्यावरच्या दोन पोरांना सलाइन लावावं लागलं.

हे सगळं लिहून काढायचं कारण एवढंच, की या प्रकरणात सरळसरळ खोटं कुणीच बोललेलं नव्हतं. पट्टी खरी होती, चांदीही खरी होती. नॅनोकणांनी जंतू ओळखता येतात आणि मारताही येतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढली, दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मग बिघडलं कुठे, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

वाडा ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजाकडून आत शिरणाऱ्या एका गल्लीत. नऊ बिऱ्हाडं, चौतीस माणसं. चार घरं मराठी, बाकीचे भिंड-मुरैन्याकडचे भाडेकरू, आणि वरच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं. अंगणात फरशीखाली दगडी हौद आहे, काठोकाठ भरला तर साधारण दहा हजार लिटरचा. नळाचं पाणी आधी त्यात पडतं, मग मोटर ते गच्चीवरच्या हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्यांत चढवते. पाणी येतं तिघऱ्याचं. सांक नदीवरचं हे धरण १९१६ सालचं, आणि शंभर वर्षांनंतरही अर्धंअधिक शहर त्याच्याकडेच तोंड करून बसलेलं असतं. त्या मोसमात नळ एक दिवसाआड होता. ही एक दिवसाआडची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मालकीणबाई माझ्या आईच्या मैत्रीण, म्हणून मला मावशी. वय ऐंशीच्या पुढे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अरे, तू जंतूच बघायचास ना कॉलेजात? मग ये की जरा. आमच्याकडे चांदी घालूनही जंतू मरत नाहीयेत."

पट्टीवरची एक रेघ

मावशींच्या मुलाने सगळे कागद जपून ठेवले होते. "दादा, त्याने आमच्यासमोर तपासलं हो," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कपात घेतलं, पट्टी बुडवली, दहा मिनिटांनी एकच लाल रेघ आली. "देखिए, एक ही लाइन. बैक्टीरिया होता तो दो आतीं." करोनाच्या काळात घरोघरी नाकात काडी घालून हाच खेळ झालेला असल्यामुळे सगळ्यांना तो लगेच पटला.

ती पट्टी चालते कशी, ते आधी सांगतो. सोनं वीस-चाळीस नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) इतकं बारीक झालं की त्याचा पिवळेपणा जातो आणि ते माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेने १८५७ साली असं लाल सोनं पाण्यात करून त्याचा अभ्यास केला होता. या कणांवर प्रतिपिंडं चिकटवतात, म्हणजे ठरावीक जंतूलाच धरणारे आकडे. पाण्यात तो जंतू असेल तर सोन्याचे कण त्याला लगडतात, पाण्याबरोबर पट्टीवर सरकत जातात आणि पुढे आखलेल्या रेघेवर अडकतात. असंख्य कण एका जागी साठले की रेघ लाल दिसू लागते. गरोदरपण तपासायच्या कार्डातही हेच सोनं असतं. यंत्र नको, वीज नको, शिकलेला माणूस नको. फारच सुंदर कल्पना आहे, आणि मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

प्रश्न फक्त किती जंतू असले तर रेघ उमटते, हा आहे. नुसत्या डोळ्यांना रेघ दिसायची तर अशा साध्या पट्टीला एका मिलिलिटरमध्ये साधारण एक लाख ते दहा लाख जंतू लागतात. आता पिण्याच्या पाण्याचा भारतीय मानक बघा, आयएस १०५०० : शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा आतड्यातला जंतू, सापडताच कामा नये. एकही नाही. मिलिलिटरला एक लाख म्हणजे शंभर मिलिलिटरला एक कोटी. थोडक्यात, कपात बुडवलेल्या पट्टीवर एक रेघ आली याचा अर्थ एवढाच की पेलाभर पाण्यात कोट्यवधी जंतू नाहीत. नव्व्याण्णव लाख असले तरी ती गप्पच बसेल.

यावर उपाय आहे आणि तो पट्टी बनवणाऱ्यांनाही माहीत असतो. पाणी आधी जंतूंना आवडणाऱ्या रश्श्यात घालून रात्रभर उबेत ठेवायचं. ई. कोलायला मनासारखं खायला मिळालं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. शंभर मिलिलिटरमध्ये एकच जंतू असला तरी तेवीस-चोवीस दुपटींत मिलिलिटरला लाखाची पातळी येते, म्हणजे गणिताने आठ तास. सुरुवातीला तो थोडा आळसावतो, ते धरून रात्र. मग पट्टी बुडवली तर ती जे सांगेल त्याला अर्थ. दहा मिनिटांची तपासणी म्हणतात ती अशी आदल्या रात्रीपासून सुरू झालेली असते.

पट्टीच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद मी मावशींचं भिंग घेऊन वाचला. त्यात हे रश्श्याचं सगळं लिहिलेलं होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती वाचून मी कपाळाला हात लावला. ती पट्टी ई. कोलायच्या ओ१५७ या एकाच वाणासाठी होती. हा वाण अमेरिकेत १९८२ साली हॅम्बर्गर खाऊन आजारी पडलेल्या लोकांमुळे प्रसिद्धीला आला. मांस आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत त्याची तपासणी करतात. आमच्या गटारातून येणारे साधे, घरगुती ई. कोलाय रश्श्यात वाढून कोटीने झाले असते तरी या पट्टीने त्यांना ओळख दाखवली नसती. विक्रेत्याला हे ठाऊक नव्हतं, असं माझं मत. कागद बहुतेक त्यानेही वाचला नव्हता.

ग्वाल्हेरचीच शिशी

मी घरून शिश्या घेऊन गेलो होतो. हायड्रोजन सल्फाइडच्या. ज्यांनी गावोगाव पाणी तपासलंय त्यांना या ओळखीच्या आहेत : तळाशी औषधात भिजवून वाळवलेला कागद, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून ठेवून द्यायचं, काळी झाली की पाण्यात विष्ठेचा संसर्ग आहे असं धरायचं. ही युक्ती आमच्याच गावची. झाशी रोडवरच्या संरक्षण संशोधन प्रतिष्ठानातले शास्त्रज्ञ मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापली आणि तिथून ती कुठल्या कुठे गेली. साल तेच १९८२, हा निव्वळ योगायोग. गावातल्या लोकांना मात्र याचा पत्ता नसतो. आम्ही तानसेन आणि किल्ला सांगण्यातच खूश.

शिशी काळी का होते? माणसाच्या आतड्यातून येणाऱ्या जंतूंच्या सोबतीला असे जंतू असतात जे गंधकाच्या संयुगांतून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो तोच. कागदातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की काळं लोह सल्फाइड तयार होतं. जुलैत ग्वाल्हेरला उबवणीयंत्राची गरज नाही, खोलीच तेवढी तापलेली असते. शिशी आकडा सांगत नाही, ती होय किंवा नाही म्हणते. पण होय म्हणायला तिला कोटी जंतू लागत नाहीत, कारण ती त्यांना रात्रभर वाढू देते.

बुधवारी पहाटे साडेपाचला नळ यायचा होता. पाच वाजता मी वाड्यात हजर. पहिल्या शिशीत नळाचं अगदी पहिलं पाणी घेतलं. गढूळसर, किंचित वास. दुसरी त्याच नळाची, पंधरा मिनिटांनी. मग हौद, गच्चीवरची चांदीची टाकी, गच्चीवरची बिनचांदीची टाकी (एक पिशवी हौदात आणि एक एका टाकीत, दुसरी टाकी पैसे वाचवायला तशीच सोडलेली), आणि शेवटची मावशींच्या उकळून गार केलेल्या कळशीतली. सोबत क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकून पाहिले. पंधरा मिनिटांनंतरच्या नळाला हलका पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन शिल्लक होतं. हौदाचं पाणी पांढरं स्वच्छ राहिलं. क्लोरीनच्या तपासात पाणी असं स्वच्छ राहिलं की मला धडकी भरते.

शिश्या जिन्यातल्या कोनाड्यात ओळीने मांडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. संध्याकाळी सहापर्यंत हौदाची काळीकुट्ट झाली होती. रात्रीत नळाचं पहिलं पाणी आणि बिनचांदीची टाकी गेली. गुरुवारी सकाळी उरल्या तीन : उशिराचा नळ, मावशींची कळशी आणि चांदीची टाकी. वरची मुलं खाली येऊन म्हणाली, बघा काका, चांदी काम करतेय. गुरुवारी रात्री तीही काळी झाली. उरलेल्या दोन शेवटपर्यंत तशाच राहिल्या.

या सहा शिश्यांत जवळजवळ सगळं प्रकरण आहे. नळ एक दिवसाआड येतो तेव्हा मधल्या वेळात गल्लीतली लाइन रिकामी पडते. रिकाम्या नळीत दाब नसतो, आणि शेजारून नाली वाहते. जिथे सांधा सैल असेल तिथून नालीतलं पाणी आत झिरपतं आणि पहाटे नळ आला की ते सगळ्यांच्या आधी आपल्या घरात येतं. हे आमच्याच गल्लीत होतं असं नाही, जिथे जिथे पाणी तासांवर येतं तिथे तिथे होतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं वाहून जाऊ दिली की पाणी बरंच ठीक होतं. वाड्यात मात्र पाणी कमी म्हणून पहिल्या थेंबापासून हौदात.

पण हौद नळाच्या पहिल्या पाण्यापेक्षाही लवकर काळा झाला होता. म्हणजे त्याच्यात स्वतःचं काहीतरी होतं.

गोळ्या काळ्या झाल्या

शनिवारी हौद उपसला. तळाशी चार बोटं गाळ. मावशी खुर्ची टाकून अंगणात बसल्या होत्या, वास आल्यावर पदर नाकाला लावून तिथेच बसल्या. चांदीची पिशवी गाळात अर्धी रुतलेली होती. वर काढून बादलीत झटकली. गोळ्या पांढुरक्या राहिल्या नव्हत्या. बुळबुळीत थर, आणि थराखाली काळा-करडा रंग. हाताने चोळून थर गेला, रंग गेला नाही.

मावशी म्हणाल्या, "ही तर आपल्या वाटीसारखी झालीय."

त्यांच्या घरात उष्टावणाची चांदीची वाटी आहे, चार पिढ्यांची पोरं तिच्यातून जेवली. कपाटात ठेवली की काळी पडते, आणि बारशाच्या किंवा उष्टावणाच्या आदल्या दिवशी रांगोळीने घासून ती लख्ख करायची हे काम पूर्वी मावशींचं, आता सुनेचं. वाटी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने. चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. मला उत्तर मिळालं ते तिथे, प्रयोगशाळेत नाही.

चांदी जंतूला मारते कशी ते बघा, म्हणजे यातली गंमत कळेल. गोळीवर बसवलेले कण साधारण दहा नॅनोमीटरचे, ई. कोलाय दोन हजार नॅनोमीटर लांब. इतके बारीक कण करायचं कारण पृष्ठभाग. एक ग्रॅम चांदीचा ठोकळा केला तर त्याचं सगळं अंग सव्वा चौरस सेंटिमीटर भरतं. त्याच ग्रॅमचे दहा नॅनोमीटरचे कण केले तर अंग होतं सत्तावन्न चौरस मीटर, म्हणजे सहाशे चौरस फुटांचं आख्खं बिऱ्हाड. एवढ्या पृष्ठभागावर पाण्यातला प्राणवायू काम करतो आणि चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सावकाश सुटत राहतात. मारण्याचं काम मुख्यतः हे आयन करतात. जंतूच्या प्रथिनांत जागोजागी गंधक असलेले गट असतात. आयन त्यांना जाऊन चिकटतात, श्वसनाची विकरं अडतात, आवरण ढिलं पडतं. चांदीला गंधकाची ओढ आहे, आणि त्या ओढीतच तिचा मारकपणा आहे.

आता हीच चांदी चार बोटं सडक्या गाळात ठेवा. त्या गाळात प्राणवायू नाही, आणि गंधक सोडणारे जंतू पोटभर खाऊन बसलेले. जंतूच्या आत शिरण्याआधीच चांदीला बाहेर भरपूर गंधक मिळतं. सिल्व्हर सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आयन सुटणं थांबतं, गोळी उरते नुसती गोळी. सांडपाण्यात मिसळलेल्या नॅनो चांदीचं शेवटी असंच होतं, हे संशोधकांनी मैल्याच्या गाळात बघून ठेवलं आहे. तिथे ती बातमी चांगली असते, कारण चांदी निष्प्रभ झाली की नदीतल्या जीवांना धोका कमी. आमच्या हौदात तीच गोष्ट उलटी लागू पडली.

खात्रीसाठी मी तीन गोळ्या गरम पाण्यात खायचा सोडा घालून अॅल्युमिनियमच्या कागदावर ठेवल्या. काळ्या चांदीच्या भांड्यांचा हा जुना इलाज. गोळ्या थोड्या उजळल्या, अंड्याचा वास आला. पुरावा म्हणून हे लंगडं आहे, कारण गाळातलं लोह सल्फाइडही काळंच असतं आणि तो थर गोळीत मुरलेला असू शकतो. माझ्यापुरतं पुरेसं होतं.

हौदात गाळ आणि घाण येत होती कुठून? मोरीची चेंबर हौदाच्या भिंतीपासून दोन हातांवर. हौद धुऊन त्यात वीतभर, अंदाजे पंधराशे लिटर पाणी ठेवलं आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला. मग रात्री पाच किलो खडेमीठ पाण्यात विरघळवून चेंबरमध्ये ओतलं आणि तिची पुढची वाट बोळ्याने बंद केली. सकाळी हौदाचा टीडीएस लिटरमागे साठ मिलिग्रॅमने वाढलेला. म्हणजे नव्वद ग्रॅमच्या आसपास मीठ एका रात्रीत भिंतीतून आलं. दगडांच्या सांध्यातला चुना कधीच गेला होता.

पास झालेला अहवाल

एक गाठ सुटत नव्हती. विक्रेत्याने पट्टीशिवाय एका खाजगी प्रयोगशाळेचा अहवालही आणून दिला होता, गच्चीवरच्या चांदीच्या टाकीचा, पिशवी टाकल्यानंतरचा. त्यात कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलायच्या कुळातले जंतू, शून्य. माझी त्याच टाकीची शिशी काळी, उशिरा का होईना.

मावशींच्या मुलाला विचारलं, नमुना कसा नेला? सीलबंद निर्जंतुक बाटलीत, अगदी नियमाने. फक्त रविवार असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पोचवला.

इथे मला जुने दिवस आठवले. नळाच्या पाण्याच्या नमुन्यासाठी आम्ही बाटल्या तयार करायचो तेव्हा प्रत्येकीत आधी थोडं सोडियम थायोसल्फेट घालून ठेवायचो. फोटो स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच. ते क्लोरीनला तिथल्या तिथे संपवतं. नाहीतर पाण्यातलं क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं आणि नळावर घाण असलेलं पाणी प्रयोगशाळेत शुद्ध होऊन पोचतं. चांदीचंही तसंच. हायपो चांदीला घट्ट धरून ठेवतं, म्हणून तर फिल्मवरची उरलेली चांदी धुवायला ते वापरायचे. चांदीचा परिणाम पुरता थांबवायला त्याच्या जोडीला थायोग्लायकोलेट घालतात. दोन्हींत काम करतं ते पुन्हा गंधकच.

मी दोन बाटल्या भरल्या. टाकी तीच, वेळ तीच. एक साधी निर्जंतुक, दुसरीत ही दोन औषधं. दोन्ही वीस तास तशाच खोलीत ठेवल्या, जशी विक्रेत्याची राहिली असेल तशा. मग कॉलेजात जाऊन जंतू वाढवायच्या मॅककाँकी आगरच्या बशांवर पसरल्या. दुसऱ्या दिवशी साध्या बाटलीची बशी कोरी होती. औषधवालीवर गुलाबी ठिपकेच ठिपके, म्हणजे वाढलेले जंतू. आकडा मुद्दाम देत नाही, कारण औषधवाल्या बाटलीत जंतू त्या वीस तासांत वाढलेही असणार. होते की नव्हते, एवढंच तिला विचारायचं होतं.

म्हणजे गच्चीवरची चांदी जिवंत होती आणि मारतही होती. तिला वेळ हवा होता. चौतीस माणसं, सकाळी सहा ते आठ सगळ्यांच्या आंघोळी, धुणी, डबे. हजार लिटरची टाकी त्या दोन तासांत रिकामी होऊन पुन्हा भरते. अब्ज भागांत काही दशक भाग चांदी असलेल्या पाण्याला काम पुरं करायला काही तास लागतात. बाटलीत तिला वीस तास मिळाले, टाकीत सकाळच्या घाईत तासभरही मिळत नव्हता. अहवाल बाटलीतल्या पाण्याबद्दल खरा होता. पोरं प्यायली ते पाणी वेगळं. माझ्या शिशीत काळं व्हायला उशीर लागला, पण झालं, याचंही कारण बहुधा हेच की शिशीच्या कागदातल्या औषधात थायोसल्फेट मुळातच असतं.

मग चांदी निरुपयोगी का? अजिबात नाही. आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ साली जे साहित्य दाखवलं त्यात चांदीचे कण अशा जाळीत अडकवलेले आहेत की क्षार चढून ते झाकले जाऊ नयेत आणि आयन अब्जात चाळीस भागांच्या आसपास सतत सुटत राहावेत. भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनो चांदी बसवलेलं टाटा स्वच्छ २००९ मध्ये बाजारात आलं. ग्वाटेमालात १९८१ साली फर्नांडो माझारिएगोस यांनी मातीच्या गाळणीच्या मडक्याला चांदीचं पाणी पाजायची पद्धत काढली. तिथे गाळायचं काम मडक्याची छिद्रं करतात, चांदी त्या छिद्रांत जंतूंना घर करू देत नाही. या तिन्ही ठिकाणी पाणी थोडं, आधी गाळलेलं किंवा बरंच स्वच्छ, आणि थांबायला वेळ असलेलं आहे. आमच्या हौदात यातलं काहीच नव्हतं. चांदी वाढवून प्रश्न सुटला असता का, असं मुलाने विचारलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी नको, असं आपलाच मानक सांगतो. आणि गाळाने ती जास्तीचीही खाल्ली असती.

काय केलं

सांध्यांत सिमेंट भरून आतून गिलावा, आणि चेंबर हलवली. हे काम सगळ्यात महाग पडलं आणि याच्यावर वाड्यात सगळ्यात जास्त भांडणं झाली, ती इथे लिहीत नाही. मग हौद काठोकाठ भरून त्यात दोन किलो ब्लीचिंग पावडर. पंचवीस टक्के क्लोरीनच्या हिशेबाने दहा हजार लिटरला हे लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम होतं. चोवीस तास ठेवून ते सगळं पाणी टाकून दिलं. पाण्याची टंचाई असताना दहा हजार लिटर नालीत सोडताना मावशींचा मुलगा तोंड फिरवून उभा होता. गच्चीच्या टाक्यांनाही तेच केलं, पिशवी बाहेर काढून.

रोजचा नेम असा बसवला : नळाला तोटी जोडून पहिली पंधरा मिनिटं पाणी बाहेर, त्यात अंगण आणि संडास धुवायचे. मग हौद भरायचा. भरलेल्या हौदाला पंचवीस ग्रॅम ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, वरचं निवळ पाणीच ओतायचं, अर्धा तास मोटर लावायची नाही. गच्चीच्या नळाला थेंब टाकून निदान ०.२ मिलिग्रॅमचा पिवळा रंग दिसला पाहिजे. हे काम वरच्या मुलांनी घेतलं. त्यातला एक पाण्याच्याच खात्याच्या परीक्षेची तयारी करतो, त्याला फुकटात प्रात्यक्षिक मिळालं.

गच्चीची चांदीची पिशवी फेकली नाही. मावशी फेकू देईनात. धुऊन वाळवून ती त्यांच्या कपाटात वाटीशेजारी ठेवली आहे.

विक्रेता ऑगस्टमध्ये आला. आम्ही त्याला हौदातल्या गोळ्या दाखवल्या, पट्टीचा कागद वाचून दाखवला. तो तरुण पोरगा निमूट ऐकत बसला आणि शेवटी म्हणाला, "सर, ट्रेनिंग में ये किसी ने नहीं बताया." अर्धे पैसे परत मिळाले. सहा पट्ट्या शिल्लक होत्या, त्या तो माझ्याकडेच ठेवून गेला.

जुलैच्या शेवटापासून वाड्यात नवा जुलाबाचा रुग्ण नाही. त्यातलं किती क्लोरीनमुळे, किती चेंबरमुळे आणि किती पाऊस ओसरल्यामुळे, हे एका वाड्यावरून सांगता येत नाही. हौदाच्या आणि टाक्यांच्या शिश्या आठ आठवडे स्वच्छ आहेत. जिन्याच्या कोनाड्यात आता फक्त एकच शिशी भरतात, नळाच्या पहिल्या पाण्याची, तारीख घालून. गल्लीतल्या लाइनसाठी अर्ज दिलेला आहे. सोमवारची शिशी काळी होती, बुधवारचीही. शुक्रवारी नळच आला नाही.